अनेक सेन्सर जोडून रानातलं जनावर ओळखणारी यंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत भात, ऊस, रताळी, काजू करणाऱ्यांना गवे, रानडुकरं आणि कधीमधी हत्ती यांचा त्रास काय असतो ते वेगळं सांगायला नको. रात्रभर माळ्यावर बसून राखण करायला घरात तरुण माणूस राहिलेला नाही म्हणून आता जो तो विचारतोय की सेन्सर लावून काही होतंय काय. विचारणाऱ्यांत शेतकरी आहेत, बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली प्रोजेक्टवाली पोरं आहेत आणि उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मशीन सांभाळणारे मेंटेनन्सवालेही आहेत. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतोय. सेन्सर विकत घेणं सोपं आहे, अवघड आहे ते चार सेन्सर चार गोष्टी सांगत असताना त्यातून एक निर्णय काढणं, म्हणून सगळा भर त्याच्यावर दिलाय.

एकच भारी सेन्सर घेतला तर चालत नाही काय?

घराच्या दारात चालतं, रानात चालत नाही. प्रत्येक सेन्सर एकच भौतिक गोष्ट मोजतो आणि ती गोष्ट जनावराशिवाय दुसऱ्या कशानेही घडू शकते. उष्णता हललेली कळणारा सेन्सर दुपारच्या तापलेल्या पाल्यालाही फसतो, हालचाल बघणारा रडार वाऱ्याने डुलणाऱ्या उसालाही फसतो, जमिनीचा हादरा ऐकणारा शेजारच्या बोअरची मोटर सुरू झाली तरी फसतो. भारी सेन्सर घेतला तर तो जास्त लांबचं आणि जास्त बारीक मोजेल, पण ज्या कारणाने फसायचा ते कारण तसंच राहतं, उलट जास्त बारीक मोजतोय म्हणून डुलणारा ऊसही जास्त लांबून दिसायला लागतो. म्हणून वेगवेगळ्या कारणांनी फसणारे दोनतीन स्वस्त सेन्सर हे एका भारी सेन्सरपेक्षा बरे पडतात. इथे "वेगवेगळ्या कारणांनी" हे शब्द लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यावरच आहेत.

मग कुठले सेन्सर घ्यायचे?

आपल्याकडच्या रानाला धरून सांगतो.

पीआयआर, म्हणजे अंगाची उष्णता हलली की कळणारा. बाजारात मिळणारा एचसी-एसआर५०१ साधारण सात मीटरपर्यंत बघतो, त्यामुळे बांधाला दूर दूर दोन लावून भागत नाही, जनावर जिथून आत शिरतं त्या वाटेवरच लावावा लागतो. जनावर आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक असेल तरच त्याला कळतं. हिवाळ्याच्या थंड रात्री तो सगळ्यात चांगला, मे महिन्याच्या दुपारी सगळ्यात वाईट. पावसात भिजलेल्या जनावराची कातडी थंड झालेली असते आणि लेन्सवर पाणी असतं म्हणून जुलै-ऑगस्टात त्याची पकड कमी होते.

मायक्रोवेव्ह रडार, आरसीडब्ल्यूएल-०५१६ सारखा. हा पातळ पाल्यातून आरपार बघतो, अंधार उष्णता काही लागत नाही, पण वारा सुटला की सारखा ओरडतो. उसाच्या कडेला लावणाऱ्यांची हमखास तक्रार येते की रात्रभर वाजायलाय. बरोबर आहे, त्याचं कामच हललेलं सांगणं आहे.

जिओफोन, जमिनीत खिळा रोवून बसवायचा. पाऊल पडलं की जमिनीत जी लाट जाते ती तो पकडतो. एसएम-२४ सारख्या जिओफोनची स्वतःची वारंवारता १० हर्ट्झ असते, त्याच्या खालचं त्याला कमी कमी ऐकू येत जातं. मोठा नर गवा आठशे ते हजार किलोचा, त्याचं पाऊल छान कळतं, रानडुकराचं पाऊल हलकं पण त्याचं जमीन उकरणं कळतं, हत्ती मात्र वजनाच्या मानाने फार मऊ चालतो, त्याच्या तळपायाला गादी असते, तेव्हा "हत्ती एवढा जड, जिओफोनला कळणारच" असं धरून चालू नका. खानापूरच्या जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत, पाणी भरलेल्या भाताच्या खाचरात आणि पूर्वेकडच्या काळ्या रानात हादरा वेगवेगळ्या तऱ्हेने जातो. त्यामुळे एका गावची सेटिंग दुसऱ्या गावात जशीच्या तशी लावून उपयोग नाही.

माइक. डुकरांची गुरगुर, ऊस मोडल्याचा कडकड आवाज यासाठी चांगला. हत्तीची खोल गुरगुर बरीचशी २० हर्ट्झच्या आसपास किंवा खाली असते आणि आयएनएमपी४४१ सारखा स्वस्त माइक ६० हर्ट्झपासून वरचंच नीट ऐकतो, म्हणजे हत्तीसाठी तो ठेवला तर फांदी मोडल्याचा आवाज मिळेल, गुरगुर मिळणार नाही.

कॅमेऱ्याचं पुढे वेगळं लिहिलंय कारण त्याचं काम वेगळं आहे.

माझ्या मते खानापूरकडच्या बांधाला पीआयआर आणि जिओफोन ही पहिली जोडी. एक अंगाची उष्णता बघतो, दुसरा जमिनीतला हादरा ऐकतो, दोघांना एकाच वेळी फसवणारं कारण फार कमी सापडतं. रडार तिसरा.

सेन्सर जेवढे जास्त तेवढं चांगलं, बरोबर ना?

नाही, आणि हा गैरसमज लई जणांचा आहे.

एका माळ्यावर चार राखणदार बसलेत आणि चौघांनी एकाच कुत्र्याचं भुंकणं ऐकून "जनावर आलं" म्हटलं तर ते चार साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच, ते कुत्रं. सेन्सरचंही तसंच आहे. एकाच खांबावर चार पीआयआर लावले तर तापलेल्या वाऱ्याची एक झुळूक चौघांनाही एकदम फसवते.

गणितात बघायचं तर असं. सगळ्या सेन्सरचा गोंगाट, म्हणजे रीडिंगमधली उगाचची चढउतार, एकमेकांपासून स्वतंत्र असेल तर चार सेन्सरची सरासरी काढल्यावर गोंगाट निम्मा होतो, शंभर सेन्सर घेतले तर दहावा भाग. म्हणजे संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत फायदा. पण त्यांच्या गोंगाटात आपसात ०.५ एवढा सहसंबंध असेल (० म्हणजे पूर्ण स्वतंत्र, १ म्हणजे सगळे एकदमच चढणार-उतरणार) तर चार सेन्सरनी गोंगाट फक्त ७९ टक्क्यांवर येतो आणि शंभर लावले तरी ७१ टक्क्यांच्या खाली जात नाही. तिथून पुढे पैसे घालून काही मिळत नाही. म्हणून पाचवा सेन्सर घेण्याआधी विचारा की आधीचे चार ज्या कारणाने फसतात त्या कारणाने हाही फसणार काय. फसणार असेल तर ते पैसे बॅटरीत घाला.

लपलेला सहसंबंध पण असतो. सगळे सेन्सर एकाच बॅटरीवर असतील आणि सायरन वाजताना व्होल्टेज खाली जात असेल तर सगळे एकदम गडबडतात. तीन फेजची लाइट आली आणि आजूबाजूच्या चार मोटरी एकदम सुरू झाल्या की लांब वायरीत ५० हर्ट्झची गुणगुण शिरते आणि जिओफोन, माइक दोघंही तेच सांगायला लागतात. वायर शिल्डवाली घ्या, जमेल तेवढी आखूड ठेवा, सायरनला बॅटरी वेगळी द्या.

तिन्ही सेन्सर "हो" म्हणाले तरच सायरन वाजवायचा की एक म्हणाला तरी?

समजायला सोपं जावं म्हणून आकडे धरू. तीन सेन्सर, तिघं स्वतंत्र. जनावर असताना प्रत्येकजण शंभरात ९० वेळा ओळखतो, जनावर नसताना शंभरात ५ वेळा उगाच ओरडतो.

कुणीही एक "हो" म्हणाला की वाजवायचं ठरवलं तर जनावर ९९.९ टक्के वेळा सापडतं, पण खोटा गजर १४ टक्क्यांवर जातो. तिघांनीही "हो" म्हणायला पाहिजे असं ठरवलं तर खोटा गजर ०.०१२५ टक्के इतका नगण्य होतो, पण जनावर फक्त ७३ टक्के वेळा सापडतं, म्हणजे एकट्या सेन्सरपेक्षाही वाईट. तिघांत दोघं "हो" म्हणाले की वाजवायचं ठरवलं तर पकड ९७.२ टक्के आणि खोटा गजर ०.७२५ टक्के, दोन्ही बाबतीत एकट्यापेक्षा चांगलं. सुरुवात करायला हाच नियम घ्या.

०.७ टक्के म्हणजे काहीच नाही की! मग लोक सायरन काढून का टाकतात?

कारण तो दर एका वेळेच्या तुकड्याचा आहे, रात्रीचा नव्हे. यंत्रणा दर दहा सेकंदांनी एकदा निर्णय घेत असेल तर दहा तासांच्या रात्रीत ३६०० निर्णय होतात. एकट्या सेन्सरचा ५ टक्के दर म्हणजे रात्रीत १८० खोटे गजर! तिघांत दोघांच्या नियमानेही २६ येतात. रात्रीतून २६ वेळा उठून बॅटरी घेऊन बांधावर जाणारा माणूस तिसऱ्या दिवशी वायर उपटून ठेवतो आणि त्यात त्याची काहीएक चूक नाही. यंत्रणा बनवणाऱ्याने टक्के बघितले, रात्र बघितली नाही.

उपाय वेळेत आहे. जनावर एकदा शिरलं की दहा सेकंदांत गायब होत नाही, उलट वाऱ्याची झुळूक येऊन जाते. म्हणून लागोपाठच्या दोन तुकड्यांत "तिघांत दोघं" झालं तरच वाजवा. तुकडे स्वतंत्र धरले तर खोटे गजर पाच रात्रींत एक एवढ्यावर येतात आणि पकड साडेचौऱ्याण्णव टक्के राहते. प्रत्यक्षात वारा अर्धा तास सुटतो, तुकडे पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे एवढा फायदा मिळणार नाही, पण दिशा हीच.

याच्या पुढची पायरी म्हणजे पुरावा साठवत जाणं, गुण एका बाजूच्या रेषेपलीकडे गेले की वाजवायचं, दुसऱ्या बाजूला गेले की सोडून द्यायचं, मधे असेल तर थांबून अजून ऐकायचं. अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत मांडली आणि सरासरी बघितली तर ती सगळ्यात कमी वेळात निर्णय देते.

किती खोटे गजर चालतील हे आधी घरच्यांना विचारून ठरवा. आठवड्यात एक? दोन? तो आकडा पक्का धरून त्याच्या आत राहून जास्तीत जास्त जनावरं पकडायची, असा डिझाइनचा क्रम ठेवा. नेमन आणि पिअर्सन यांनी १९३३ साली जे सिद्ध केलं त्याचा गाभा हाच आहे, खोट्या गजराची मर्यादा बांधून घ्या आणि "जनावर असेल तर असं रीडिंग येण्याची शक्यता" भागिले "नसेल तर येण्याची शक्यता" या गुणोत्तरावर निर्णय घ्या, त्याहून चांगला नियम निघत नाही.

सगळ्या सेन्सरच्या मताला सारखीच किंमत द्यायची काय?

अजिबात नाही. चेअर आणि वार्ष्णेय यांनी १९८६ मध्ये दाखवलेला नियम इथे लावायचा, म्हणजे प्रत्येकाच्या मताला त्याची पकड आणि खोटा गजर बघून वजन द्यायचं, आणि तो ईएसपी३२ सारख्या छोट्या चिपवर चार ओळींत बसतो.

परत धरलेले आकडे घेतो. पीआयआर: पकड ८० टक्के, खोटा गजर १०. जिओफोन: पकड ९०, खोटा गजर २. रडार: पकड ९५, खोटा गजर ३०. पीआयआर "हो" म्हणाला तर जनावर असण्याची बाजू (असण्याची शक्यता भागिले नसण्याची) ८० भागिले १० म्हणजे ८ पटीने वाढते. जिओफोनच्या "हो"ने ४५ पटीने. रडारच्या "हो"ने जेमतेम ३ पटीने, कारण तो नेहमीच ओरडत असतो.

आता "नाही" बघा, मजा इथे आहे. पीआयआर "नाही" म्हणाला तर जनावराची बाजू साडेचार पटीने कमी होते, जिओफोनच्या "नाही"ने दहा पटीने, आणि रडारच्या "नाही"ने चौदा पटीने! ज्या रडारच्या ओरडण्याला किंमत नाही त्याच्या गप्प बसण्याला सगळ्यात जास्त किंमत आहे. म्हणून "हा सारखा ओरडतो, काढून टाका" म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. त्याला सायरनच्या बाजूने मत देऊ देऊ नका, सायरनच्या विरुद्ध मत देऊ द्या.

आता तिघंही "हो" म्हणाले. ८ गुणिले ४५ गुणिले ३.१७ म्हणजे सुमारे ११४० पट. भरपूर वाटतंय, पण हजार तुकड्यांत एकातच खरोखर जनावर असेल तर सुरुवातीची बाजू १ विरुद्ध ९९९ अशी आहे, गुणल्यावर १.१४ विरुद्ध १ होते. तिघं मिळून ओरडले तरी जनावर असण्याची शक्यता निम्म्यापेक्षा थोडीच जास्त! दुर्मिळ गोष्ट शोधताना हे असंच होतं आणि म्हणूनच वर सांगितलेलं लागोपाठ दोन तुकड्यांचं बंधन किंवा कॅमेऱ्याची खात्री लागते. जनावरं पहाटे जास्त येत असतील, भात पोटरीला आल्यावर जास्त येत असतील, तर ती सुरुवातीची बाजू वेळ आणि हंगाम बघून बदला, हे फुकटचं ज्ञान आहे आणि ते राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे, त्यांना विचारा.

गुणाकाराऐवजी लॉग घेतले की नुसती बेरीज करायची राहते, छोट्या चिपला ते सोपं जातं.

हे टक्के आणायचे कुठून? डेटाशीटवर तर नाहीत.

डेटाशीटवर असणारच नाहीत, ते तुमच्या बांधाचे आहेत. सायरन न जोडता यंत्रणा रानात ठेवा, सगळ्या सेन्सरचं कच्चं रीडिंग एसडी कार्डावर साठवा, शेजारी कॅमेरा ट्रॅप ठेवा आणि नंतर बसून कॅमेऱ्यातलं बघून कुठल्या वेळी खरंच जनावर होतं ते लिहा. कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत. फक्त कॅमेऱ्यात नाही आलं म्हणजे जनावर नव्हतं असं धरू नका, सकाळी बांधावर पावलांचे ठसे, उकरलेलं, मोडलेलं बघून वहीत टिपा.

जनावर नसतानाचा डेटा पण तेवढाच लागतो आणि तो सगळ्या तऱ्हेचा लागतो. मरणाचा पाऊस पडलेली रात्र, वाऱ्याची रात्र, ऊसतोड चालू असताना ट्रॅक्टर जातात ती रात्र, गणपतीतली ढोलताशाची रात्र, शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून आली ती रात्र. नुसता उन्हाळ्यात गोळा केलेला डेटा घेऊन कणकुंबीच्या पावसाळ्यात गेलात तर पहिल्याच आठवड्यात यंत्रणा उघडी पडते.

पावसात थ्रेशोल्ड वाढवायचा आणि उघडीप झाली की कमी करायचा, हे रोज हाताने कोण करणार?

हाताने करायचं नाही. रडारवाले कित्येक दशकं वापरतात ती युक्ती घ्या: थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर रीडिंग गेलं की सेन्सर "हो" म्हणतो ती रेषा, हा ठरावीक आकडा न ठेवता गेल्या काही मिनिटांच्या सरासरी गोंगाटाच्या अमुक पट असा ठेवा. पाऊस वाढला, गोंगाट वाढला, थ्रेशोल्ड आपोआप वर. खोट्या गजराचा दर साधारण कायम राहतो. दोन काळज्या घ्या. सरासरी काढताना आत्ताचे ताजे काही सेकंद सोडून त्याच्या मागचे घ्या, नाहीतर हळूहळू जवळ येणारा गवा स्वतःच थ्रेशोल्ड वर चढवतो आणि निसटतो. आणि थ्रेशोल्ड फार वर गेला की त्या सेन्सरची पकडही घसरलेली असते, तेव्हा त्याच्या मताचं वजनही त्या वेळेपुरतं कमी करा.

कच्चा डेटा घरी पाठवायचा की रानातच निर्णय घ्यायचा?

सगळा कच्चा डेटा एका जागी आणून निर्णय घेतला तर निर्णय सगळ्यात चांगला होतो, हे खरं. पण नेणार कसा? जिओफोनचे सेकंदाला २०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे एका सेन्सरचेच सेकंदाला ३२०० बिट. जंगलाकडेच्या गावांत मोबाइलची रेंज धरून चालता येत नाही म्हणून लोरा, म्हणजे लांब पोचणारा पण थोडाच डेटा नेणारा रेडिओ, वापरायचा म्हटलं (आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो), तर सगळ्यात लांब पोचणाऱ्या सेटिंगवर तो सेकंदाला साधारण २५० बिटच नेतो. बसत नाही.

पण म्हणून नुसतं हो-नाही पाठवणं हे दुसरं टोक झालं. "जेमतेम थ्रेशोल्ड ओलांडला" आणि "जमीन हादरली" या दोन्हींचा "हो" एकच दिसतो आणि माहिती वाया जाते. मधला मार्ग घ्या, प्रत्येक खांबाने स्वतःच्या सेन्सरचं गुणोत्तर काढून त्याचा लॉग एका बाइटमध्ये पाठवायचा. एका बाइटात २५६ पायऱ्या होतात, एवढ्या कामाला भरपूर. घरातला रिसीव्हर बेरीज करतो आणि निर्णय देतो.

सगळ्या सेन्सरची घड्याळं जुळली नाहीत तर काय बिघडतं?

सगळंच. साध्या क्रिस्टलवर चालणारं घड्याळ २० पीपीएमने (दहा लाखात २०) चुकत असेल तर दिवसाला १.७ सेकंद सरकतं, आठवड्यात बारा सेकंद. तुमचा तुकडा दहा सेकंदांचा, म्हणजे आठवड्यात एका खांबाचा "हो" दुसऱ्याच तुकड्यात पडायला लागतो. डीएस३२३१ घड्याळ लावलं तर चूक २ पीपीएमच्या आत, दिवसाला ०.१७ सेकंद. त्याशिवाय रिसीव्हरने रोज एकदा वेळ पाठवून सगळ्यांची घड्याळं जुळवावी.

घड्याळं जुळली तरी घटना सगळ्यांना एकाच क्षणी कळते असं नाही. दोन खांबांत पंधरा मीटर अंतर असेल आणि जनावर सेकंदाला एक मीटर चालीने चरत येत असेल तर दुसऱ्या खांबाला पंधरा सेकंदांनी कळणार. तेवढी वाट बघायची सोय तुकड्यात ठेवा. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना हे पुराच्या पाण्यावरून लगेच कळतं, दूधगंगा-वेदगंगेला वर कोल्हापूरच्या बाजूला पाऊस झाला की इकडचा बंधारा लगेच पाण्याखाली जात नाही, मधे तास जातात. पाण्याच्या पातळीची यंत्रणा करताना वरच्या आणि खालच्या सेन्सरची आत्ताची रीडिंग एकमेकांशी ताडून बघणं चुकीचं, वरच्याची मघाची आणि खालच्याची आत्ताची जोडी लावायची.

एखादा सेन्सर बंद पडला तर?

बंद पडलेला सेन्सर आणि "जनावर नाही" म्हणणारा सेन्सर यांत तुमच्या प्रोग्रॅमला फरक कळतो काय, ते आजच तपासा. बऱ्याच ठिकाणी दोन्हींना शून्यच धरलेलं असतं. उंदराने वायर कुरतडली, तो सेन्सर कायमचा "नाही" म्हणत राहिला, आणि वर बघितलं तसं "नाही"ला चौदा पट वजन असेल तर एक मेलेला रडार सगळ्या यंत्रणेचं तोंड बंद करतो.

म्हणून उत्तरं तीन ठेवा: हो, नाही, माहीत नाही. प्रत्येक खांबाने ठरावीक वेळाने बॅटरीचं व्होल्टेज आणि "जिवंत आहे" एवढा निरोप पाठवायचा. निरोप चुकला की त्याचं वजन शून्य, म्हणजे बेरजेत त्याने काहीच घालायचं नाही, ना इकडे ना तिकडे. जिओफोन जिवंत आहे की नाही कळायला त्याचा बारीक गोंगाट बघा, जिवंत जिओफोन कधीच एकदम सपाट रेघ देत नाही. सारखा तोच आकडा येत असेल तर वायर तुटलीय. तशीच रात्र-दिवस सारखा "हो" म्हणणाऱ्यालाही बाजूला काढा, लेन्सवर कोळ्याने जाळं केलेलं असतं.

कॅमेरा आणि एआय लावला की बाकीचे सेन्सर लागतातच कशाला?

कॅमेरा रात्रभर चालू ठेवला तर बॅटरी पुरत नाही, धुक्यात आणि पावसात इन्फ्रारेडचा उजेड थेंबांवरून परत येऊन चित्र पांढरं होतं, उसाच्या आत तर काही दिसतच नाही. म्हणून तो शेवटी. स्वस्त सेन्सरनी मिळून "काहीतरी आहे" म्हटलं की कॅमेरा जागा करायचा, त्याने गवा की गाय की माणूस हे सांगायचं. दिवे घेताना ८५० नॅनोमीटरचा मंद लाल दिसतो पण उजेड लांब जातो, ९४० चा दिसत नाही पण जवळच पुरतो.

एआयबद्दल एकच सांगतो. मॉडेल "गवा, ०.९५" म्हणालं तर ती ९५ टक्के शक्यता आहे असं समजून थेट गुणाकारात घालू नका. हे आकडे बऱ्याचदा फाजील आत्मविश्वासाचे असतात. तुमच्या स्वतःच्या फोटोंवर बघा, ०.९५ म्हटलेल्या शंभर फोटोंत खरोखर किती गवे निघाले. साठ निघाले तर साठच धरा.

आमचं रान नाही, उद्यमबागेत शॉप आहे. मोटरच्या बेअरिंगसाठी हेच चालेल काय?

चालेल, गणित तेच. व्हायब्रेशन, मोटरचा करंट आणि तापमान हे तीन घ्या, पण तिघांचा वेग वेगळा आहे हे धरून. बेअरिंग खराब व्हायला लागलं की आधी व्हायब्रेशनमध्ये दिसतं, तापमान सगळ्यात शेवटी चढतं. त्यामुळे "तिघांत दोघं" हा नियम इथे लावला तर तुम्ही करंट नाहीतर तापमानाची वाट बघत बसाल. व्हायब्रेशनला जास्त वजन द्या आणि तापमानाला "आता लगेच बंद करा" या कामासाठी वेगळं ठेवा. चार पोलची मोटर लोडवर साधारण १४४० आरपीएमने फिरते, म्हणजे २४ हर्ट्झ, तिच्या शेजारचं मशीनही तशाच मोटरचं असेल तर फरशीतून त्याचाही २४ हर्ट्झ येतो. दोन्ही मशीनवर सेन्सर लावून कोणाकडे जास्त आहे ते बघा. फौंड्रीत शेकआउटच्या (हलवून साच्यातून कास्टिंग मोकळं करायच्या मशीनच्या) धडधडीत तर एका सेन्सरवर विश्वास ठेवूच नका.

जनावर ओळखलं, मग तारेत करंट सोडायची सोय यातच केली तर?

नाही म्हणजे नाही. घरच्या लाइनचा करंट कुंपणात सोडणं जिवावरचं आहे, रात्री बांधावरून जाणारा माणूस मरतो, आपलीच जनावरं मरतात, आणि हत्ती-गव्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, गुन्हा दाखल होतो. सोलर कुंपण वेगळं, त्याचा एनर्जायझर क्षणभराचा झटका देतो, तेही नियमात बसणारंच लावा. यंत्रणेचं काम कळवणं. दिवा, सायरन, फोनवर मेसेज, आणि हत्ती असेल तर हाकलायला न जाता वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन. मेसेज मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा, रानात कामाला असलेल्या गड्याला जी भाषा वाचता येते त्यात तो पोचला पाहिजे.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अ‍ॅक्युरसी ९९ टक्के आलीय, पुरे ना?

पुरे नाही. रात्रीच्या ३६०० तुकड्यांत चारच तुकड्यांत जनावर होतं असं समजा. कधीच न वाजणारा बंद डबा खांबाला टांगला तरी तो ३५९६ वेळा बरोबर ठरतो, अ‍ॅक्युरसी ९९.९ टक्के. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी लिहा: किती वेळा जनावर आलं आणि त्यातलं किती वेळा कळलं, एका रात्रीत सरासरी किती खोटे गजर झाले, आणि जनावर शिरल्यापासून सायरन वाजेपर्यंत किती सेकंद गेले. थ्रेशोल्ड बदलत नेऊन पकड विरुद्ध खोटा गजर असा आलेख काढा, प्रत्येक सेन्सरचा वेगळा आणि सगळ्यांना जोडून एक, सगळे एकाच कागदावर. जोडलेली रेघ एकट्या जिओफोनच्या रेघेच्या वर गेली नसेल तर बाकीच्या सेन्सरनी काही भर घातलेली नाही. तसंच लिहा, परीक्षकाला ते लपवलेल्या ९९ टक्क्यांपेक्षा जास्त पटेल. आणि चाचणीचा डेटा पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, कुठल्या गावचा, कुठल्या पिकाच्या बांधावरचा हे सुद्धा लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पोरांना तिथून पुढे काम करता येईल.